आतून उघडलेलं कुलूप

१

दोरीवरचे हातमोजे नाहीसे झाले होते.

काकांनी आधी जमिनीवर बघितलं, मग पेट्यांच्या मागे, मग वेड्यासारखं स्वतःच्या पिशवीतसुद्धा. संघाचं सगळं सामान हॉटेलच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत होतं आणि ती खोली काकांच्या ताब्यात होती. बूट, जर्सी, चेंडू, बाटल्या, सगळं जागच्या जागी. फक्त कर्णधाराचे हातमोजे तेवढे गायब. नाश्त्याच्या वेळी ते धोब्याकडचे कपडे आणायला गेले होते. दाराला नुसती कडी घातली होती. परत आले तर ही तऱ्हा.

काल रात्रीचा सामना संपल्यावर कर्णधाराने ते मोजे स्वतः आणून त्यांच्या हातात दिले होते. "काका, हे धुवायचे नाहीत. पुसायचेसुद्धा नाहीत. तसेच टांगा. माझ्याकडे एवढा एकच पुरावा आहे."

ही कर्णधार म्हणजे संघाची गोलकीपर. सगळे तिला कुलूप म्हणायचे, कारण आसपासच्या देशांच्या महिला संघांच्या या स्पर्धेत तिच्या गोलमध्ये एकही चेंडू गेला नव्हता. गटातल्या पहिल्या दोन सामन्यांत नाही, काल मध्यंतरापर्यंतही नाही. काल मध्यंतराला संघ तीन-शून्यने पुढे होता. मध्यंतरानंतर दोन साधे, शाळेतल्या पोरीनेही धरले असते असे चेंडू तिच्या हातातून निसटले. सामना तीन-दोनने जिंकला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. पण कुणी पेढे मागितले नाहीत.

कारण गटाचं गणित वेगळं होतं. समोर शेजारचा देश होता. तो एका गोलने हरला तर त्यालाही उपांत्य फेरी मिळणार होती. दोन गोलने हरला असता तर तिसऱ्याच देशाचा नंबर लागला असता. म्हणजे त्या दोन निसटलेल्या चेंडूंनी शेजाऱ्यांना तारलं आणि तिसऱ्यांना घरी पाठवलं. आणि कुलपाचं आजोळ शेजारच्या देशात होतं.

सकाळच्या वर्तमानपत्राचा मथळा होता : 'कुलूप आतून उघडलं!'

तिसऱ्या देशाने रीतसर तक्रार केली होती. संघाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, लॉबीतच कुलपापुढे उभे राहिले. "हे बघ, तुझी तब्येत बिघडली होती असं आपण सांगू. तू माफी माग, घरी जा. स्पर्धा संपली की लोक विसरतील."

"माझी तब्येत ठणठणीत होती," ती म्हणाली. "माझे मोजे निसरडे केले होते कुणीतरी. ते मोजे दाखवते, मग बोला."

तेवढ्यात काका धापा टाकत जिन्याकडून आले. त्यांचा चेहरा बघूनच तिला काय झालं ते कळलं.

"अगदी वेळेवर हरवले," साहेब म्हणाले.

२

तक्रारीची चौकशी करायला स्पर्धेच्या शिस्त समितीने ज्या बाईंना पाठवलं, त्यांना बघून दोन-चार खेळाडू जिन्याआड सरकल्या. बाई पूर्वी पंच होत्या. त्यांच्या शिट्टीने या पोरींपैकी निम्म्या तरी कधी ना कधी मैदानाबाहेर बसल्या होत्या. पाठीमागे त्यांचं नाव शिट्टीबाई. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

"उद्या संध्याकाळी उपांत्य सामना," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी समितीपुढे मला सांगायचंय की ही मुलगी खेळणार की नाही. तेव्हा मला कुणी भाषण देऊ नका. जे विचारीन तेवढं सांगा."

पहिली कुलपाचीच पाळी आली. ती खुर्चीत बसलीच नाही.

"आजोळी जाणं-येणं आहे?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"दर सुट्टीत. मामा आहे, मामेभावंडं आहेत, सगळ्यांशी गोडी आहे. त्यात लपवायचं काय? आजोळ तिकडे आहे म्हणून मी इकडचा गोल मोकळा सोडीन? मग ज्या पोरींची माहेरं दुसऱ्या गावात, त्यांनी सासरच्या दाराला कडीच लावू नये की काय?"

शिट्टीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "मध्यंतरानंतर काय झालं ते सांग."

"मी नेहमीसारखे हात ओले केले. कोरड्या मोज्यांपेक्षा जरा ओलसर मोज्यांनी चेंडू नीट धरता येतो, सगळे कीपर करतात. माझ्या दोन बाटल्या असतात गोलच्या खांबाशी. लाल टोपणाची पिण्याची, निळ्या टोपणाची मोज्यांसाठी. मध्यंतरात त्या भरायला ड्रेसिंग रूममध्ये येतात. तर हात ओले केले आणि पहिलाच चेंडू असा सटकला, जसा मासाच. मी परत पाणी घालून धुतले. तर आणखीच निसटायला लागलं. जितकं धुवावं तितकं जास्त! मी बाकाकडे बघून ओरडले, मोजे आणा, मोजे आणा. तोवर दुसरा गोल झाला."

"आणि नंतर? नंतर तर तू एक भलताच अवघड चेंडू अडवलास."

"नंतर हात बसला."

"आणि काका नवे मोजे घेऊन आले तेव्हा तू त्यांना परत पाठवलंस."

"बाई, तेव्हा चेंडू आमच्याच अंगणात होता! हात बसला होता, मग मोजे कशाला बदलत बसू? समोरच्यांना सांगू का, थांबा गं जरा?"

शिट्टीबाईंनी ते वहीत टिपून घेतलं. पण त्यांना दिसत होतं की तिचं प्रत्येक खरं उत्तर तिच्याच गळ्यात अडकत होतं. हवे तेवढे दोनच गोल जाईपर्यंत हात निसरडे, आणि दोन गोल होताच हात ठीक. समितीत कुणीही हेच म्हणालं असतं.

"तुझ्या बाजूने कुणी बोलेल असं आहे का?"

तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "ताई. आमच्या कीपिंगच्या कोच. सगळं स्टेडियम मला शिव्या घालत होतं ना, तेव्हा त्या एकट्या गोलमागे धावत आल्या. पाणी घेऊन. म्हणाल्या, शांत हो, हात धू, खेळ. त्या नसत्या तर मी तिथेच कोसळले असते."

बाहेर पडताना ती दारात थांबली. "बाई, मी माफी मागणार नाही. खेळू दिलं नाहीत तरी नाही. सकाळी आईचा फोन आला होता. माझी आई बसमध्ये कंडक्टर आहे. कुणीतरी प्रवाशाने तिला माझ्यावरून टोमणा मारला. तिने घंटी वाजवून बस थांबवली आणि त्याला खाली उतरवलं. मला म्हणाली, माफी मागितलीस तर घरी येऊ नकोस."

३

साहेबांनी कानावर हात ठेवले. मध्यंतरात आपण खोलीच्या दाराबाहेर उभे होतो, असं त्यांनी सांगितलं.

"आत का नाही गेलात?"

साहेबांचा चेहरा कडू झाला. "तिने मला बंदी घातली होती. सराव मैदान मुलांच्या संघाला द्यायचं ठरलंय, त्यावरून या पोरींनी बंड केलं. कर्णधार हीच. म्हणाली, मैदान परत मिळेपर्यंत तुम्ही आमच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. सगळ्यांदेखत! आता बघा, नियतीसुद्धा..."

"नियतीला जरा बाजूला ठेवा," शिट्टीबाई म्हणाल्या. "तुम्ही आत गेला नाहीत, हे खरं?"

"अकरा पोरी आणि दाराशी उभा पोलीस, सगळे साक्षीला आहेत. बाई, मला ही मुलगी नको आहे, हे मी कशाला लपवू? पण मला संघ उपांत्य फेरीत हवा होता आणि त्याबरोबर शांतता हवी होती. आता बघा, जगभर बोभाटा."

शिट्टीबाईंना तो माणूस आवडला नाही. पण त्याचं बोलणं खोटंही वाटलं नाही.

मग त्या सामानाच्या खोलीत गेल्या. काका बिचारे गुन्हेगारासारखे भिंतीला टेकून उभे होते. दोरीवर अजून तीन-चार जोड्या लटकत होत्या. बाई बराच वेळ त्या जोड्यांकडे बघत राहिल्या.

"काका, मोजे तुम्ही असेच टांगता?"

"असे म्हणजे?"

"सगळ्यांचे तळवे भिंतीकडे. खिडकीकडे पाठ."

काका जवळ आले. "नाही बुवा. मी आपला मिळेल तसा चिमटा लावतो. पोरी ओरडतात मला त्यावरून. उन्हाने तळव्याचं रबर तडकतं म्हणतात."

"कोण ओरडतं? सगळ्या?"

"छे. बाकीच्यांना मोजे घालायचेच नसतात. या दोघी कीपर ओरडतात, आणि ताई."

शिट्टीबाईंनी मान हलवली. ज्याने मोजे काढले होते, त्याने जाता जाता बाकीच्या जोड्या सवयीने फिरवून ठेवल्या होत्या. चोरी करतानाही ज्याला दुसऱ्यांच्या मोज्यांवरचं ऊन बघवलं नाही, तो कीपरच असणार. कुलूप स्वतः, ताई, किंवा दुसरी गोलकीपर.

कर्णधार बाहेर बसली तर गोलमध्ये उभी राहणार होती ती दुसरी गोलकीपर.

४

तिला सगळे धाकटी म्हणत. ती खोलीत आली तीच डोळे सुजवून. शिट्टीबाईंनी तिला पाणी दिलं आणि एकच वाक्य म्हणाल्या, "बाळ, मोजे कुठे ठेवलेस?"

धाकटी रडायलाच लागली. मोजे तिच्या उशीच्या अभ्र्यात होते.

"मी काही केलं नाही हो! काल ड्रेसिंग रूममध्ये मी ते हातात घेतले तर ओले होते आणि अजूनही जरा बुळबुळीत लागले. मला धस्स झालं. कुणीही म्हणेल की हे मीच केलं. माझ्याशिवाय फायदा कुणाचा? ती बाहेर गेली की मी आत! म्हणून सकाळी..."

"म्हणून तिला सोडवणारी एकुलती एक गोष्ट तू लपवलीस."

धाकटीने तोंड ओंजळीत झाकलं. "मला तिची जागा नको आहे, बाई. ते गोल गेले नसते तर काल तिने ताईंचा विक्रमसुद्धा मोडला असता. या स्पर्धेत सगळ्यात जास्त वेळ गोल न खाण्याचा. आम्ही केकसुद्धा सांगून ठेवला होता."

शिट्टीबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. कुलूप, धाकटी, ताई, काका, साहेब. टेबलावर ते मोजे ठेवले. साहेबांनी पुढे होऊन ते हातात घेतले, तळवे चोळले, नाकाशी नेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं.

"कोरडे ठणठणीत! ना तेल, ना चिकट, ना वास. अहो, हे तर नेहमीसारखे आहेत."

कुलपाने ते त्यांच्या हातातून ओढून घेतले. तिने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. साहेब खरं बोलत होते.

५

"इकडे आणा," शिट्टीबाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी एका मोज्यावर ओतलं आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. क्षणभर काहीच झालं नाही. मग बोटांच्या बेचक्यांतून पांढरा फेस वर आला.

"साबण," काका म्हणाले.

"साबण. बेसिनवर असतो तसा पातळ. तेल लावलं असतं तर मोजे घालतानाच कळलं असतं, आणि वाळल्यावरही राहिलं असतं. हा वाळला की कळतच नाही, आणि पाणी घातलं की जागा होतो. म्हणून ही जितकं धूत होती तितकं निसटत होतं." त्यांनी मोजा खाली ठेवला. "कारण ती साबणाच्याच पाण्याने धूत होती. मोज्यांना कुणी काही केलंच नव्हतं. निळ्या टोपणाच्या बाटलीत केलं होतं."

"तिनेच केलं असेल," साहेब म्हणाले. "बाटली तिची, साबण तिथेच, तिला कोण अडवणार?"

कुलूप त्यांच्या अंगावर धावून जाणार होती. शिट्टीबाईंनी हात आडवा घातला.

"साहेब, तुम्ही कधी गोलमध्ये उभे राहिलात? नाही ना. ज्या कीपरला गोल सोडायचा असतो तिला साबण लागत नाही. ती निमिषभर उशिरा झेप घेते, आणि लोक टाळ्या वाजवतात, काय झेप घेतली म्हणून. स्वतःच्या हातून चेंडू निसटून बदनाम होण्याचा उद्योग कुठली शहाणी करेल? हिच्या हातात साबण होता, याचाच अर्थ हिला चेंडू धरायचा होता."

धाकटी कुलपाच्या जवळ सरकली आणि कुलपाने तिला दूर केलं नाही.

"मग कुणी केलं?" ताई म्हणाल्या. उंच, ताठ बाई. या देशाने बघितलेली पहिली मोठी गोलकीपर. "माझ्या पोरीचं नाव मातीत घालणारा कोण आहे?"

"ते मला अजून बघायचंय," शिट्टीबाई म्हणाल्या. "मला कालच्या सामन्याचं चित्रण द्या. गोल दाखवतात ते नको. छपरावरच्या कॅमेऱ्यातलं, सगळं मैदान दिसतं ते. पंच असताना मला एकच गोष्ट शिकवली होती. चेंडूकडे सगळी दुनिया बघत असते. तुम्ही चेंडूपासून लांब असलेल्या माणसांकडे बघा."

६

संध्याकाळी समितीच्या खोलीत तीन सदस्य लांब टेबलामागे बसले होते. तक्रार करणाऱ्या देशाचा प्रतिनिधी एका बाजूला, ही सगळी मंडळी दुसऱ्या बाजूला. भिंतीवर छपरावरून घेतलेलं मैदान दिसत होतं आणि माणसं मुंग्यांएवढी.

"ज्याने हे केलं त्याला शेजारच्या संघाला तारायचं होतं, असं सगळे धरून चालले आहेत," शिट्टीबाईंनी सुरुवात केली. "ठीक. तारायला किती गोल लागत होते?"

"दोन," प्रतिनिधी म्हणाला.

"दोन. आता हा पहिला गोल बघा. चेंडू आत गेला. आपले खेळाडू डोक्याला हात लावून उभे. कर्णधार बाकाकडे बघून ओरडते आहे, मोजे आणा. काका पेटी उघडून मोजे शोधायला लागले. बरोबर. साहेब वर पाहुण्यांच्या खुर्चीवरून उठून उभे राहिले. धाकटी बाकावर तोंड झाकून बसली. प्रत्येक जण माणसासारखं वागतोय. फक्त एक जण..." त्यांनी बोट ठेवलं. "चेंडू अजून मधल्या वर्तुळात ठेवलेला नाही आणि एक व्यक्ती बाकावरून उठून बर्फाच्या पेटीकडे गेली. बाटली घेतली. मैदानाला वळसा घालून गोलकडे निघाली. वाटेत असतानाच दुसरा गोल झाला."

कुलपाने आधी भिंतीकडे बघितलं, मग ताईंकडे. "ताई पाणी घेऊन आल्या. मीच सांगितलं ना तुम्हाला."

"तूच सांगितलंस. मी पण ऐकलं आणि पुढे गेले. मग दुपारी हे बघताना मनात आलं की तू तर मोजे मागत होतीस. सगळे मोज्यांनाच दोष देत होते, आज सकाळपर्यंत. मग पहिल्याच गोलनंतर ताईंना कसं कळलं की पाणी बदलायला हवं?"

"तिला तहान लागली असेल असं वाटलं," ताई म्हणाल्या.

"मग लाल टोपणाची बाटली बदलली असतीत. ती तिथेच राहिली, बघा, खांबाशी. तुम्ही निळी उचललीत आणि नवी निळी ठेवलीत. नव्या पाण्याने हिने हात धुतले आणि हिचा हात बसला."

प्रतिनिधी पुढे वाकला. "पण शेजाऱ्यांना तारायचं असेल तर एकाच गोलनंतर पाणी कशाला बदललं? एका गोलने तर आम्हीच पुढे गेलो असतो!"

"अगदी बरोबर. म्हणून हे शेजाऱ्यांसाठी नव्हतंच. संघाला हरवायलाही नव्हतं, कारण तीन गोलची आघाडी झाल्यावरच साबण घातला गेला. ज्याने हे केलं त्याला फक्त एक गोल हवा होता. संघ जिंकणार, उपांत्य फेरीत जाणार, कुणाचं काहीच बिघडणार नाही. असा एक गोल. तो झाला की लगेच सगळं पूर्ववत. दुसरा गोल ठरलेला नव्हता, तो पाय पोचायच्या आत झाला." शिट्टीबाईंनी चित्र थांबवलं. "त्या एका गोलने काय गेलं, सांगा? गुण गेले नाहीत, सामना गेला नाही. फक्त एक विक्रम मोडायचा राहिला."

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. पण पहिला आवाज कुलपाचा आला, आणि तो संतापाचा होता.

"बाई, बस्स! मला बाहेर ठेवायचंय? ठेवा. देशद्रोही म्हणायचंय? म्हणा. पण ताईंचं नाव घेऊ नका. मला झेप कशी घ्यायची ते यांनी शिकवलं. माझं मनगट मोडलं तेव्हा या बाईने तीन आठवडे माझी वेणी घातली आहे. मी तुमची चौकशी मानत नाही!"

"अगं, गप्प बस," ताई म्हणाल्या.

"नाही बसणार. तुम्ही का गप्प आहात? सांगा ना यांना!"

ताईंनी टेबलाची कड धरली. त्या तिच्याकडे बघू शकत नव्हत्या, म्हणून भिंतीवरच्या त्या मुंग्यांएवढ्या माणसांकडे बघत बोलल्या.

"मी खेळायचे तेव्हा आम्हाला बूटसुद्धा मिळायचे नाहीत. कुणी सामने दाखवले नाहीत, कुणी फोटो काढले नाहीत. माझ्याकडे दुसरं काही नाही. तेवढा एक विक्रम आहे. मध्यंतरात सगळ्या पोरी केकच्या गोष्टी करत होत्या आणि मी बेसिनशी उभी होते. वाटलं, एक गोल. एवढ्या मोठ्या आघाडीत एका गोलने हिचं काय जातंय? हिला अजून दहा वर्षं खेळायचंय." त्यांनी टेबलाची कड सोडली. "सकाळी पेपर बघितला तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

७

साहेब म्हणाले की हे प्रकरण चार भिंतींतच राहू द्यावं. ताईंचं नाव मोठं आहे, देशाची शोभा होईल, कर्णधाराची तब्येत बरी नव्हती असंच जाहीर करू आणि तिला खेळवू. सगळ्यांचं भलं.

"माझी तब्येत पुन्हा काढलीत तर तुमची बिघडेल," कुलूप म्हणाली.

ती इतका वेळ खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. आता ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "जे झालं ते तसंच जाहीर होईल. माझ्या आईला बसमध्ये ऐकून घ्यावं लागलंय. ते शब्द ज्या पेपरात आले त्याच पेपरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. नाहीतर उद्या गोलमध्ये कुणी उभं राहणार नाही."

"धाकटी आहे," साहेब म्हणाले.

"धाकटी नाही," धाकटी म्हणाली. ती कुलपाशेजारी जाऊन उभी राहिली. "मीही उभी राहणार नाही. आणि सराव मैदानाचं काय ते पण आत्ताच बोला."

एका सदस्याला खोकला आला. शिट्टीबाईंनी तोंडावर हात धरला. साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली. सगळं जाहीर झालं. मैदानही परत आलं, स्पर्धेनंतर, साहेबांचं पुष्कळ रडगाणं गाऊन झाल्यावर.

ताईंना समितीने खेळापासून दूर केलं. जाताना त्या दारात कुलपापाशी थांबल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. कुलूप त्यांच्याआधी बोलली.

"ताई, विक्रम तुमच्याकडेच राहिला. तो मी पुढे कधीतरी मोडीनच, आणि तेव्हा माझी बाटली मी स्वतः भरीन. पण तुम्ही तो एक गोल मागितला असतात ना, तर मी एक चेंडू मुद्दाम सोडला असता का, माहितीये? नसता सोडला. आणि तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तुम्ही मागितला नाहीत."

ताईंनी मान खाली घातली आणि त्या निघून गेल्या. कुलपाने बाहीने नाक पुसलं आणि ती जेवायला गेली.

उपांत्य सामन्यात ती मैदानात आली तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. परवा ज्यांनी शिव्या दिल्या होत्या तेही घसा ताणून तिच्या नावाचा गजर करत होते. साहेब मागून कुजबुजले, "हात दाखव गं, लोक टाळ्या वाजवतायत." तिने हात दाखवला नाही. तिने आपल्या बचावपटूंकडे बघून आरोळी ठोकली, "पुढे सरका! झोपायला आलात का?" संघ एका गोलने जिंकला.

दुसऱ्या उपांत्य सामन्यातून शेजारचा देश अंतिम फेरीत आला. म्हणजे पुन्हा तिचं आजोळच समोर. सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या रांगेत तिची आई कंडक्टरच्या गणवेशातच येऊन बसली होती, ड्यूटी संपवून थेट. आणि कुणीतरी तो प्रश्न विचारलाच, गोड आवाजात, हसत हसत.

"आईच्या देशाविरुद्ध खेळताना मनात थोडी तरी चलबिचल होत असेल ना?"

कुलपाने ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"माझ्या मनात काय आहे ते बघायचं असेल," ती म्हणाली, "तर चेंडू मारून बघा."

अंतिम सामन्यात त्यांनी मारून बघितले. जवळून मारले, लांबून मारले, डोक्याने मारले, शेवटी तर एक पेनल्टीसुद्धा मारून बघितली. मामेभावंडं पलीकडच्या स्टँडमधून घसा बसेपर्यंत ओरडत होती.

एकही आत गेला नाही.